सोपानतात्यांचा दम

सोपानतात्या येळवंडे लिफ्टमध्ये श्वास घेत नाहीत. तळमजल्यावर दार बंद झालं की ते छाती भरून हवा घेतात, ओठ मिटतात आणि सातव्या मजल्यावर दार उघडेपर्यंत तसेच उभे राहतात. मध्ये कुणी काही बोललं तर उजव्या हाताचं एक बोट वर होतं. त्या बोटाचा अर्थ 'थांबा'. तळमजल्यावर "काय तात्या, बरं आहे ना?" असं विचारलं की "बरं हाय की" हे उत्तर सातव्यावर मिळतं. विचारणारा तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर ते उत्तर त्याच्या नशिबातच नसतं. नवीन भाडेकरूंना वाटतं, माणूस भारीच शिष्ट आहे.

"लिफ्टमधी फुकट वेळ जातो," तात्या सांगतात. "तेवढाच रियाज व्हतो."

एकदा वीज गेली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली. आत तात्या आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. चेअरमन घाबरट. त्यांनी दार बडवलं, वॉचमनला हाका मारल्या आणि मोबाइलचा उजेड तात्यांच्या तोंडावर मारला. तात्यांचे गाल फुगलेले, डोळे ताठ आणि एक बोट वर. चेअरमनना वाटलं, गेला हा माणूस. त्यांनी तात्यांना गदागदा हलवलं, दोन चापट्या मारल्या आणि छाती दाबायच्या बेतात होते तेवढ्यात जनरेटर सुरू झाला. तात्यांनी शांतपणे श्वास सोडला आणि घड्याळ बघितलं. "एक मिनिट चाळीस. तुमी हलवलं नसतं तर दोन झाले असते, राव."

मी त्यांचा शेजारी, दाराला दार. मूळचा लातूरचा. वीस वर्षं झाली इथे चिखलीत, पण तात्यांच्या लेखी मी अजून 'लातूरकर'च. चाकणच्या ज्या कंपनीत ते होते तिथेच मी क्वालिटी विभागात आहे. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. याला स्वभाव म्हणा किंवा नोकरीचा दोष म्हणा. तात्यांच्या बढाया ऐकून कान किटले तेव्हा मी एका रविवारी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्टॉपवॉच लावलं. दोन मिनिटं दहा सेकंद. मग मला पटलं.

तरी या खुळाचा मला वैतागच होता. माणसानं श्वास घ्यायचा सोडून धरत का बसावं? गेल्या वर्षी मात्र तात्यांच्या घरात आजार शिरला आणि वीस सेकंद श्वास धरता येतो की नाही, यावर एका माणसाच्या काळजाचं भलंबुरं ठरायची वेळ आली. ते माणूस म्हणजे तात्या नव्हेत. पण क्रमानं सांगतो.

तात्यांचं गाव चाकणच्या पलीकडे, आता कंपन्यांनी वेढलेलं. लहानपणापासून ते गावचे बुडीबहाद्दर. विहिरीत कळशी पडली, बादली पडली की बोलवा सोपानला. पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाला पाणी अडवणारी जी झडप असते, तिला आपले शेतकरी 'फुटबॉल' म्हणतात. तो फुटबॉल गाळात अडकला की मोटार पाणी ओढत नाही. मग तात्या खोल बुडी मारायचे आणि तो मोकळा करून वर यायचे. पंचक्रोशीत त्यांचं या कामात नाव होतं.

पुढे घरची थोडी जमीन कंपनीत गेली आणि तात्यांना तिथेच नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "काही छंद आहे का? खेळ वगैरे?"

"बुडी मारून फुटबॉल काढतो," तात्या म्हणाले.

साहेब मुंबईचे. त्यांनी 'बुडी मारून' याचा अर्थ 'डाइव्ह मारून' असा घेतला आणि अर्जावर लिहिलं : गोलकीपर. पहिल्याच वर्षी खात्याखात्यांच्या सामन्यात तात्यांना गोलात उभं केलं. तात्यांनी आयुष्यात तो खेळ बघितलासुद्धा नव्हता. आठ गोल झाले. "बॉल गाळात असता तर सोडला नसता," असं ते अजून सांगतात, आणि अगदी खरं सांगतात.

कंपनीत दुचाकीच्या पेट्रोलच्या टाक्या बनायच्या. तात्या लीक टेस्टिंगला होते. काम सोपं : टाकीत हवा भरायची, टाकी पाण्यात बुडवायची आणि चाळीस सेकंद बघत राहायचं. बुडबुडा आला की वेल्डिंग गळतंय, टाकी बाजूला. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. पण तात्यांचा घड्याळावर विश्वास नव्हता. टाकी पाण्यात गेली की ते श्वास धरायचे आणि चाळीस सेकंद झाले की सोडायचे. "आपन श्वास घेतला की डोळा हालतो. डोळा हालला की बारका बुडबुडा निसटतो," असा त्यांचा सिद्धान्त. यात शास्त्र किती ते मला माहीत नाही. तात्यांच्या हातून गळकी टाकी पुढे गेल्याचं मात्र मी कधी बघितलं नाही.

त्या चाळीस सेकंदांना ते 'एक दम' म्हणायचे आणि पुढे सगळं जगच या दमात मोजायला लागले. आकुर्डीचा सिग्नल अडीच दमाचा. दूध उतू जायला सात दम. चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. "तितं दम न्हाई, दिस मोजायचे," म्हणाले.

एकदा कामाचा वेळ मोजायला एक तरुण इंजिनिअर आला. तो दोन दिवस तात्यांच्या मागे वही घेऊन उभा राहिला आणि त्यानं अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं की ऑपरेटर दर टाकीमागे चाळीस सेकंद श्वास घेत नाही. हे वाचून सेफ्टी ऑफिसरचाच श्वास अडकला. कारखान्यात माणूस श्वास घेत नाही म्हणजे काय? उद्या काही झालं तर? तात्यांची रवानगी कंपनीच्या डॉक्टरांकडे झाली आणि त्यांचं काम माझ्या विभागात येतं म्हणून मलाही बरोबर पाठवलं.

डॉक्टर जरा मजेशीर होते. त्यांनी तात्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाले, "हं, धरा." आम्ही दोघं पडद्यावरचे आकडे बघत बसलो. नाडी सुरुवातीला चांगली पळत होती, ती हळूहळू मंदावली. मिनिट उलटल्यावर तात्यांच्या पोटाला गचके बसायला लागले.

"ऑक्सिजन संपला," मी घाबरून म्हणालो.

"छे हो. अजून भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो वाढला की मेंदू भोंगा वाजवतो, हवा बदला म्हणून. हे गचके म्हणजे तोच भोंगा. आता त्यांच्या हाताला हात लावून बघा."

लावला. गार होता.

डॉक्टरांनी सांगितलं की श्वास थांबला की शरीर काटकसर सुरू करतं. हृदय सावकाश चालतं, हातापायांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि आत उरलेली शिदोरी आधी मेंदूला आणि हृदयाला मिळते. तोंड गार पाण्यात असेल तर हे आणखी लवकर होतं. सराव असेल तर माणूस भोंग्याकडे जरा जास्त वेळ दुर्लक्ष करू शकतो, इतकंच. पण मर्यादा आहे. मेंदूला खरोखरच हवा कमी पडली की तो सरळ दिवे घालवतो.

तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आपल्या भाषेत सांगितलं. "मेंदू म्हंजी मॅनेजर. कंपनीत मंदी आली की पयली कात्री कुनाला? कंत्राटी पोरांना. हात-पाय म्हंजी कंत्राटी. त्यांचं पानी आदी तुटतं. मॅनेजरचा चहा येतोच शेवटपर्यंत." कँटीनमधली कंत्राटी पोरं टेबल बडवून हसली. पलीकडे बसलेले मॅनेजर हसले नाहीत.

डॉक्टरांनी एक ताकीदही दिली होती, आणि तात्या ती पाळतात. श्वास धरायच्या आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, आणि पाण्यात एकट्यानं हा खेळ करायचा नाही. मी ही ताकीद विसरलो. तात्यांना हरवायच्या नादात एका दुपारी सोफ्यावर बसून मी पंचवीस-तीस श्वास भात्यासारखे घेतले. बोटांना मुंग्या आल्या, तोंड बधिर झालं आणि वरचा पंखा बंद असून फिरायला लागला. बायकोनं तोंडावर पाणी मारलं आणि तात्यांना हाक मारली.

"लातूरकर, तुमी भोंग्याची वायरच तोडली," तात्या माझ्या उशाशी बसून म्हणाले. "भराभरा श्वास घेतला की तो कार्बन का काय तो निगून जातो. मग भोंगा वाजंल कसा? वायर तोडली म्हंजी आग लागायची थांबती व्हय? पान्यात असता तर गेला असता बुडून, आनि तुमाला कळलंबी नसतं. दमानं घ्यावं, राव. दमानं."

'दमानं' हा त्यांचा आवडता शब्द. तो ते सगळ्यांना ऐकवतात. फक्त घरात त्याचा उपयोग होत नाही.

कारण घरात सुमनकाकू आहेत. सुमनकाकू म्हणजे तात्यांच्या नेमकं उलट. तात्या न बोलता दोन मिनिटं राहतात. काकू न बोलता दोन मिनिटं राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. भाजी निवडताना बोलतात, चपात्या लाटताना बोलतात, टीव्हीतल्या माणसांनाही सल्ले देतात. मुलगी सोलापूरला दिलेली. तिच्याशी रोज तासभर फोन. एवढं बोलून माणूस श्वास कधी घेतं, हा मला नेहमी प्रश्न पडायचा.

गेल्या वर्षी काकूंच्या डाव्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, नीट झालं. मग शेक द्यायचं ठरलं. रेडिएशनला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात. माझी दुपारची शिफ्ट होती आणि सकाळी गाडी मोकळी होती, म्हणून चिंचवडच्या त्या दवाखान्यात मीच दोघांना न्यायला लागलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. शेक डाव्या बाजूला द्यायचा, आणि नेमकं त्याच्याच मागे हृदय. पण माणसानं छाती पूर्ण भरून श्वास धरला की फुप्फुस फुगतं, छाती पुढे येते आणि हृदय मागे सरकतं. तेवढ्या वेळात किरण सोडायचे. एका वेळी वीस सेकंद. एका बैठकीत असं चार-पाच वेळा. आठवड्यातले पाच दिवस, तीन आठवडे.

"आनि न्हाई जमलं तर?" काकूंनी विचारलं.

"तरी शेक देता येतो, मावशी. बऱ्याच जणांना तसाच देतो. पण मग हृदयाला थोडी झळ लागते. तुमचं बीपी आहे, शुगर आहे. ती झळ टाळता आली तर बरं. दोन आठवड्यांनी चाचणी घेऊ. तोवर घरी सराव करा."

तात्या खुर्चीतून उठलेच. "वीस? मॅडम, वीस म्हंजी अर्दा दम! पोरांचा ख्योळ हाय. ते माज्यावर सोडा." त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी बघितला नव्हता. आयुष्यभर ज्या गोष्टीला लोक हसले ती आज कामाला येणार होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हॉलमध्ये लीक टेस्टिंग सुरू झालं. काकू स्टुलावर. समोर तात्या, हातात घड्याळ. आज्ञा कारखान्यातल्यासारख्या : "भर! दम धर! येक... दोन... तीन..."

पाचाला काकू म्हणायच्या, "गॅस बंद केलाय का वो मी?"

"सुमन! मोडला का न्हाई दम? परत. भर! दम धर!"

सातला त्यांना हसू यायचं. आठला पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची आणि त्या मोजायला लागायच्या. एकदा तात्या फारच चिडले. "अगं, जरा दम धरायला शिक की!"

"चाळीस वरसं तुमच्यासंगं दमच धरून हाय," काकू म्हणाल्या. "आनि किती धरू?"

मी हसलो. माझी बायको हसली. तात्या हसले नाहीत.

सगळ्यात जास्त आकडा अकरा. बारा काही होईना. आठ दिवस गेले, दहा दिवस गेले. एका संध्याकाळी तात्या माझ्या गॅलरीत येऊन उभे राहिले. बराच वेळ समोरच्या रस्त्यावरच्या कंपनीच्या बसगाड्या बघत होते.

"लातूरकर, तुमी क्वालिटीवाले. वीस पायजेत, अकरा व्हत्यात. नऊ कमी. त्या नऊ सेकंदात तिच्या काळजाला किती लागंल?"

मी म्हणालो, "मॅडम बघतील काहीतरी."

"दोन मिन्टं हाय माज्यापाशी," तात्या म्हणाले. "दोन मिन्टं आनि वर धा सेकंद. काय कामाची? त्यातले वीस काडून तिला दिता येत न्हाईत." इतकी वर्षं ज्या माणसाचा मला वैताग होता त्याची मला त्या वेळी फार दया आली, आणि आपण त्याच्या खुळाला हसत आलो याची लाजही वाटली.

चाचणीचा दिवस आला. काकूंना आत नेलं. तात्या आणि मी बाहेर बाकावर. आत काय झालं ते नंतर तिथल्या टेक्निशियन मुलीनं हसत हसत सांगितलं.

यंत्रात सूचनांचं रेकॉर्डिंग होतं, हिंदीत. काकूंना झोपवल्यावर मुलगी बाहेर काचेच्या खोलीत आली आणि बटण दाबलं. आवाज आला, "सांस लीजिए... सांस रोकिए." काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, माजी सासू कवाच गेली. आता कुनाला रोकू?" मुलीला हसू आवरेना. तिनं रेकॉर्डिंग बंद केलं आणि ठरवलं, आपणच माइकवरून मराठीत सांगू. पण पडद्यावर काकूंच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारी रेघ नीट दिसत नव्हती, ते आधी जुळवायला हवं होतं. म्हणून ती माइकवर सहज बोलली, जसं आपण सगळेच बोलतो : "मावशी, जरा दम धरा हं."

तिला म्हणायचं होतं, थांबा.

काकूंनी छाती भरली आणि दम धरला.

मुलगी यंत्राशी खटपट करत होती. रेघ जुळली आणि तिला वाटलं यंत्र पुन्हा बिघडलं, कारण रेघ वर जाऊन सरळच्या सरळ थांबली होती. तिनं आकडा बघितला. तेवीस. चोवीस. काचेतून बघितलं तर मावशी शांत पडलेल्या. एकतीसला तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती ओरडली, "सोडा, मावशी, सोडा!"

"तूच म्हनलीस दम धरा," बाहेर आल्यावर काकू तिलाच दटावत होत्या. "सोडा म्हनायचं नगं व्हय? किती वेळ धरून व्हते मी."

मॅडम स्वतः बाहेर आल्या. "पास," म्हणाल्या. "एकतीस सेकंद. यापुढे या मावशींना सगळ्यांनी 'दम धरा' असंच सांगायचं. आणि थांबायचं असेल तर 'थांबा' म्हणायचं. घोळ नको."

तात्यांना आनंद झाला, पण कोडंही पडलं. "मॅडम, घरी अकराच्या फुडं जात नव्हती. मी सोता मोजत व्हतो."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "कुणी समोर बसून आकडे मोजले की माणसाला धास्ती वाटते. धास्तीत हृदय जोरात चालतं, हवा लवकर खर्च होते, श्वास घ्यावासाही लवकर वाटतो. आत त्यांना कुणी मोजतंय हे माहीतच नव्हतं."

काकू मध्येच म्हणाल्या, "आकडे ऱ्हाऊ द्या वो. ह्यांचं तोंड बघवत न्हाई. धा झाले की ह्यांचेच डोळे भरून यायचे. मंग मी कशाला धरू? सोडून द्यायची."

तात्या खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करत बसले. पट्टा चांगला होता.

शेक सुरू झाला त्या दिवशी आत जाता जाता काकू वळून म्हणाल्या, "मी आत धरीन, तवा तुमीबी भाईर धरा. म्हंजी मला येकटीला वाटायचं न्हाई."

"धरतो की," तात्या म्हणाले. "आमाला काय अवगड?"

आत किरण सुरू झाले की लागणारा दारावरचा लाल दिवा लागला. तात्यांनी छाती भरली. सवयीनं मी मोबाइलवर घड्याळ लावलं. सात सेकंद झाले आणि तात्यांनी भसकन श्वास सोडला. मला वाटलं, ठसका लागला असेल. त्यांनी परत धरला. सहा. परत धरला. आठ. कपाळावर घाम आला. मी त्यांच्या हाताला हात लावला, तर हात गरम होता आणि मनगटाची नाडी नुसती उडत होती. दोन मिनिटं दहा सेकंदांचा हा माणूस, मी स्वतः मोजलेला, आणि त्याच्याकडे दहा सेकंदसुद्धा उरले नव्हते.

"काय झालं, तात्या?"

"ती आत हाय ना," एवढंच म्हणाले.

काकू बाहेर आल्या. आल्या आल्या मला विचारलं, "धरला का ह्यांनी?"

तात्या माझ्याकडे बघत होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी चुकीचं रीडिंग दिलेलं नाही. मी म्हणालो, "वीसच्या वीस."

"मंग झालं," काकू म्हणाल्या. "आत लई येकटं वाटतं वो. समदे निगून जात्यात, दार लागतं. पर म्हनलं, ह्ये धरून हायेत, तवर मी कशाला सोडू?"

त्यानंतर रोज हाच कार्यक्रम झाला. आत काकू वीस सेकंद धरायच्या, एकदाही चुकल्या नाहीत. बाहेर तात्या सात, आठ, एखाद्या दिवशी नऊ. बाहेर आल्यावर काकू विचारायच्या आणि मी वीस सांगायचो. तात्यांना या खोट्याचा फार त्रास व्हायचा. गाडीत ते गप्प बसायचे आणि काकू दोघांच्या वाटचं बोलायच्या.

शेवटच्या दिवशी लाल दिवा लागला आणि मी घड्याळ लावलं. दहा झाले, पंधरा झाले, तरी तात्यांचा श्वास सुटला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तो धरलाच नव्हता. डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते श्वास घेत होते. सावकाश, खोल, पोटापर्यंत. सोडत होते आणि परत घेत होते. दिवा विझेपर्यंत ते तसेच बसून होते.

दार उघडलं. काकूंनी आज मला नाही, त्यांनाच विचारलं. "धरला का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "मला येक दिसबी जमलं न्हाई, सुमन. ह्यो लातूरकर खोटं सांगत व्हता. आज धरलाच न्हाई. तू आत धरलेला, म्हनून तुज्या वाटचाबी मीच घेत बसलो."

मी दुसरीकडे बघायला लागलो.

काकूंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"बरं केलं," म्हणाल्या. "तरीच आज मला हलकं वाटत व्हतं."